मिस्त्रीमामांचा ब्रश

“पत्र्याकडं बघू नको, माले. पाण्याकडं बघ.”

हेल्मेटची काळी काच खाली ओढली की जग विझायचं. उरायचा वेल्डिंगच्या टॉर्चच्या टोकाचा एक निळा-पांढरा ठिपका, आणि डाव्या खांद्यामागून येणारा दस्तगीरमामांचा आवाज. त्या आवाजाला लवंगेचा वास असे. मामा दिवसभर दाढेखाली लवंग धरायचे.

“पाणी कुठाय, मामा?”

“येतंय. घाई कुणाला हाय? बघ, पत्रा ओला झाला का? झाला. आता फिलर दे. दे, दे... अगं!”

टप् झालं. काच वर केली तर पत्र्याला करंगळी जाईल एवढं भोक, आणि भोकातून मला माझ्याच बुटाचं टोक दिसत होतं.

“हौसाक्का,” मामा पलीकडच्या बाकड्याकडं बघून ओरडले, “चाळण पायजे का गं? मालननं आणिक एक केली बघ!”

“ठेवा तिकडंच,” पॉलिशच्या चाकावरून मान न उचलता हौसाक्का म्हणाली. “आठवड्यात सात झाल्या. दुकान काढते आता.”

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत भूपालअण्णा मगदुमांची ती शेड. गावोगावच्या दूधसंस्थांत दुधाची फॅट तपासतात, तेव्हा काचेच्या नळ्या गरम पाण्यात उभ्या करतात. त्या पाण्याच्या पेट्या आम्ही बनवायचो. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, जाडी एक मिलिमीटर. लोखंडाचं वेल्डिंग मी आयटीआयत शिकून आले होते, नंबरही काढला होता. पण हे अर्गनचं काम निराळं. टॉर्चमधून अर्गन वायू येतो, वितळलेल्या थेंबावर, मामांच्या भाषेत ‘पाण्यावर’, छत्री धरतो. त्या छत्रीखाली एका हातानं टॉर्च न्यायची, दुसऱ्या हातानं सांधा भरणारी फिलरची काडी टेकवत जायची. शेडमध्ये हे येणारा माणूस एकच, दस्तगीर शिकलगार. अण्णांच्या वडिलांच्या वेळेपासून सव्वीस वर्षं त्या बाकड्यावर. दिवाळीला ते थांबणार होते.

त्यांच्या जागी इचलकरंजीहून कुणाला तरी आणायचं अण्णांच्या मनात होतं. मामांनी माझं नाव घातलं. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“पोरगी? अर्गनवर?” जरा वेळानं म्हणाले, “ठीक हाय. दसऱ्यानंतरच्या शनिवारी एक पेटी एकटीनं जोडून दाखव. पाणी भरून दिवसभर ठेवू. थेंब गळला तर परत हौसाक्काच्या बाकड्यावर, आणि मग पुन्हा विचारायचं न्हाई.”

मला ते बाकडं हवं होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. एवढंच ठाऊक होतं, की काळ्या काचेआड त्या थेंबाशी मी एकटी असले की कुणी हाक मारलेली मला आवडत नसे.

*

“लोखंड बोलतं,” मामा सांगायचे. “आधी लाल होतं, मग केशरी, मग पिवळं. सांगून-सवरून वितळतं. हे बाळ मुकं. आत पाणी झालेलं असतं तरी तोंडावर काय दाखवत न्हाई. आणि मग एकदम हातातनं जातं.”

“माणसासारखं,” मी म्हटलं.

“काही माणसांसारखं,” मामा म्हणाले, आणि लवंग या गालातून त्या गालात गेली.

भोकं का पडतात, हे त्यांनी मला दुधाच्या भाषेत शिकवलं. माझ्या घरी दोन म्हशी होत्या. “दुधावर धरते तशी या पत्र्यावर साय असते. डोळ्याला दिसत न्हाई. साय चिवट, खालचं दूध पातळ. साय वितळायची वाट बघत बसलीस की खालनं दूध सांडतं. म्हणून आधी साय काढायची.”

साय काढायला ब्रश. स्टेनलेस तारांचा, लाकडी दांड्याचा. मामांच्या अंगठ्यानं दांड्याला खळगी पडली होती. बाकड्याखाली त्यांची पत्र्याची पेटी असे. तिच्यात तो ब्रश, फिलरच्या काड्यांची जुडी, एक पक्कड आणि लवंगांची डबी. ब्रशला दुसरं कुणी हात लावायचं नाही. “लोखंडाला लागला की हा मेला. लोखंडाचा एक कण तारांत शिरला, की प्रत्येक सांध्यात जाऊन बसतो.” मला मात्र त्यांनी तो वापरायला दिला होता. आमच्या शेडची एक रीत होती: जाणारा मिस्त्री आपला ब्रश आपल्या हाताखाली शिकलेल्याला देऊन जातो. मी मनातल्या मनात त्या खळगीत माझा अंगठा बसवून बघायची. जरा मोठी होती.

हळूहळू जमू लागलं. एका कोपऱ्यावर ठाण मांडायचं नाही, चार टाके इथं, चार तिथं. पत्र्याला निवायला उसंत द्यायची. सांध्याखाली तांब्याची पट्टी ठेवायची, जास्तीची धग ती पिते. टॉर्चमधल्या टंगस्टनच्या सळीचं टोक थेंबात बुडलं तर तसंच रेटायचं नाही. काढायचं, घासायचं, पुन्हा लावायचं. एवढं करूनही सांधा सरळ येईना. कुठं फुगलेला, कुठं उपाशी. हाताला ठेका नव्हता.

ठेका सापडला तो आईच्या जात्यावरचा. चाल तिची, शब्द माझे. हेल्मेटच्या आत गुणगुणायला लागले:

हळू हळू माझ्या हाता, नको वाऱ्यासंगं जाऊ
थेंबापुढं थेंब ठेव, जशी चिमणी टिपते गहू

‘ठेव’वर काडी टेकवायची, ‘टिपते’वर उचलायची. दुसऱ्या दिवशी काच वर केली तर सांध्यावर माशाच्या खवल्यांची ओळ उमटली होती, एकावर एक, चंदेरी.

मामांनी त्यावरून बोट फिरवलं. “काय म्हणत होतीस गं आत?”

“काही नाही.”

“म्हणत जा,” ते म्हणाले.

*

खंडेनवमीला मामा दरवर्षी सुट्टी घेत. पेटीला कुलूप लावत आणि आदल्या संध्याकाळीच ‘येतो’ म्हणून निघत. त्या साली जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. “सकाळी सराव कर. दुपारी तुमची पूजा असंल.”

दुपारी मशीनं धुतली, पुसली, झेंडूच्या माळा चढल्या. अण्णांनी नारळ फोडला. हौसाक्का खोबरं-साखर वाटत होती आणि माझी नजर बाकड्याखाली गेली. सगळ्या शेडला फुलं, आणि ती पेटी तेवढी अंधारात, उघडी बोडकी.

आमच्या घरी खंडेनवमीला आई विळे-खुरपी मांडते. आधी तेलाचा हात फिरवते, मग हळदकुंकू. वर्षभर राबलेल्या हत्याराला त्या दिवशी न्हाऊमाखू घालायचं असतं. मी तेच केलं. समईजवळची खोबरेल तेलाची वाटी घेतली. फिलरची एक-एक काडी तेलकट मुठीतून ओढली, लखलखली नुसती. ब्रशच्या तारांवरून हात फिरवला. दांड्यावर कुंकवाची पाच बोटं ओढली, एक झेंडू ठेवला, हात जोडले, कुलूप लावलं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

दसऱ्यानंतर बुधवारी कामाला बसले. शनिवार तीन दिवसांवर होता.

पहिलाच सांधा काळा आला.

काळा म्हणजे दोन्ही बाजूंना चुलीसारखी काजळी, आणि मध्ये जोडावर सुईच्या टोकाएवढी भोकंच भोकं. खवले कुठले, करपलेली भाकरी. दुसरा केला, तसाच. तिसरा.

मामा आले, वाकले, नाक फुलवून हुंगलं. “खोबऱ्याचा वास येतोय. चटणी करतीस का?”

“डोक्याला पावशेर तेल चोपडून येती ती,” हौसाक्का तिकडून म्हणाली. “हेल्मेटातनं गळत असंल!”

सगळे हसले. मामाही हसले. मग त्यांनी ब्रश उचलला, उलटा केला आणि दांड्याकडं बघत राहिले. एवढं काय बघताहेत म्हणून मी मान उचलली, तोवर त्यांनी तो अलगद खाली ठेवला होता. उघड्या पेटीकडं बघितलं. तोंडातली लवंग चावायची थांबली होती.

“चालू दे,” म्हणाले, आणि चारच्या ठोक्याला घरी निघून गेले. सव्वीस वर्षांत चारला गेलेले नव्हते ते.

गुरुवारी मी शिकेकाईनं डोकं धुऊन आले. हातमोजे नवे घातले. वाऱ्यानं वायूची छत्री उडत असेल म्हणून पंखा बंद केला. शेडमधले सगळे माझ्या नावानं बोटं मोडत घामाघूम झाले. सिलिंडर बदलून घेतला. नळीला साबणाचं पाणी लावून गळती शोधली. टंगस्टन चार वेळा घासला. करंट वाढवला, कमी केला. मशीन एसी करंटवरच आहे ना, ते तीनदा बघितलं. काजळी तशीच. मग वाटलं, साय नीट निघत नसेल. म्हणून ब्रश घेऊन सांधे घासघास घासले. जितकं घासावं तितकं काळं.

डोळे भरून आले ते काचेआड होते म्हणून बरं.

“मामा, सांगा ना. काय चुकतंय माझं?”

मामा पत्र्याकडं बघत होते. “तुझा हात चुकत न्हाई.”

“मग काय चुकतंय?”

“हात चुकत न्हाई, एवढं ध्यानात ठेव.”

“हे सांगणं झालं का? परवा शनिवार आहे!”

सुटी व्हायच्या सुमारास त्यांनी ब्रश उचलला, काड्यांची जुडी उचलली, दोन्ही पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं आणि पेटी बगलेत मारली.

“घरी नेतो ही.”

“आणि मी? मी कशानं घासू?”

“उद्या बघू,” म्हणाले आणि माझ्याकडं न बघता गेले.

हौसाक्का चाक बंद करून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. टोमणा मारायला आली असं वाटलं, पण तिनं नुसता माझ्या पाठीवरचा धुरळा झटकला. “म्हाताऱ्यानं हत्यारं आवरली, पोरी,” म्हणाली. “माझ्या बाकड्यावर जागा हाय. आणि मी लई वाईट न्हाई.”

त्या क्षणी मला कळून चुकलं: मामांना आता मी नको होते.

*

शुक्रवारी बाकड्यावर कागदाची पुडी होती. आत कोरा करकरीत स्टेनलेसचा ब्रश. शेजारी फिलरचं नवं पाकीट, अ‍ॅसिटोनची बाटली आणि पांढरं फडकं.

“आधी चारी पत्रे फडक्यानं पूस,” मामा म्हणाले. “काड्या बी पूस. मग ब्रश मार. मग जोड.” आणि स्टूल फिरवून माझ्याकडं पाठ करून बसले.

“बघणार नाही तुम्ही?”

“ऐकतो.”

मला राग आला. रागानंच पुसलं, रागानंच घासलं. काच ओढली. पाणी आलं, थेंब टेकला, उचलला, टेकला. रागात ओवी म्हणायची नाही असं ठरवलं होतं, पण हात आपोआप थांबायला लागला, ओवीची वाट बघायला लागला. म्हटली मग. फुरफुर आवाज एकसारखा आला, मध्ये कुठं तडतड नाही. काच वर केली.

चंदेरी. खवल्यावर खवला.

“झालं?” मामा पाठमोरेच म्हणाले.

“झालं.”

“हं. आवाज बरा होता.”

नवा ब्रश लाभला, एवढंच मला तेव्हा वाटलं. शिवाय एक हट्टही होता, की मामांनी पाठ फिरवली तरी मला जमलं.

शनिवारी पहाटेच येऊन मी एकटीनं पेटी जोडली. अण्णांनी तिच्यात पाणी भरलं, पाण्यात नीळ कालवली आणि खाली कोरा पांढरा कागद अंथरला. नऊपासून पाचपर्यंत ती पेटी शेडच्या मधोमध उभी होती, आणि चहाला जाणारा-येणारा प्रत्येक जण वाकून कागद बघून जायचा. पाच वाजता अण्णांनी स्वतः पेटी उचलली. कागद सकाळी होता तसाच, पांढरा.

“सोमवारपासून बाकडं पोरीचं,” अण्णा म्हणाले.

“हौसाक्का,” मामा म्हणाले, “चाळण आता बाजारातनं आण बाई.”

हौसाक्कानं खोबरं-साखर वाटली, खंडेनवमीची उरलेली. मामांनी दिवाळीला निरोप घेतला. अण्णांनी शाल घातली, फोटो निघाला. मी शेवटपर्यंत वाट बघत होते, त्यांच्या हाताकडं बघत होते. हात रिकामे होते. ब्रश त्यांनी मला दिला नाही.

*

पुढच्या खंडेनवमीला मी तेलाची वाटी घेऊन माझ्याच काड्यांपाशी बसले, आणि मूठ हवेत तशीच राहिली. वाटीतून खोबऱ्याचा वास आला. चटणी करतीस का? सगळं एका श्वासात कळलं. तेल. साय काढायच्या ब्रशनंच मी प्रत्येक सांध्याला तेल चोपडत होते, आणि धगीला ते करपत होतं. जितकं घासावं तितकं काळं! मामांचा इतक्या वर्षांचा ब्रश मी एका दुपारी नासवला होता. म्हणून पेटी उचलून नेली. म्हणूनच ब्रश मला दिला नाही. नासलेली वस्तू कोण कुणाला देतं, आणि नासवणाऱ्याला?

लाजेनं मी गप्प राहिले. वर्षाची दोन, दोनाची नऊ झाली. ईदला मामांच्या घरी जायची, मामी शिरखुर्मा वाढायच्या, आम्ही गॅसच्या आणि पत्र्याच्या गप्पा मारायचो. ते तेवढं सोडून सगळं बोलायचो.

नवव्या दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन कागलला मामांच्या घरी गेले. मामा अंगणात खाटेवर बसले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, हिरवा चष्मा.

“सोनं घ्या, मामा.” पाया पडले, आणि वर उठलेच नाही. तिथंच खाली बसून म्हटलं, “मामा, त्या साली तेल मी लावलं होतं. तुमच्या ब्रशला, काड्यांना. खंडेनवमीला. मला ठाऊक नव्हतं. तुमचा ब्रश मी वाया घालवला.”

मामांनी चष्मा काढला. “नऊ वर्षं लागली व्हय गं?”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“बुधवारी हुंगलं तेव्हाच. चारला निघून शाहूपुरीच्या बाजारात गेलो नवा ब्रश आणायला, दुकान दसऱ्याचं बंदच. गुरुवारी सुटी झाल्यावर परत गेलो, तवा मिळाला.” मग आत वळून हाक मारली, “अगं ऐकलंस का, ती पेटी आण.”

मामींनी पत्र्याची पेटी आणून खाटेवर ठेवली. मामांनी चाचपत कुलूप काढलं. आत तेलानं पिवळ्या पडलेल्या काड्यांची जुडी होती, झेंडूची वाळून काळी झालेली बोंडी होती, आणि तो ब्रश. दांड्यावर कुंकवाची पाच बोटं. जराशी फिकी, पण पाचच्या पाच.

मी बघतच राहिले. “अ‍ॅसिटोननं धुतला असता तर...”

“पाच मिन्टांत निघालं असतं,” मामा म्हणाले. “तेल बी, कुंकू बी.”

“मग मला तरी सांगायचं होतं! एक शब्द. मी दोन दिवस रडत होते काचेआड.”

“दिसत होतं.” त्यांनी ब्रश हातात घेतला, अंगठा खळगीत बसवला. कुंकवाला लागू दिला नाही. मामी दारातच थांबल्या होत्या.

“सव्वीस खंडेनवम्या झाल्या त्या शेडमधी,” मग म्हणाले. “दर साली मीच सुट्टी घ्यायचो, पेटीला कुलूप लावून. कुणी जा म्हणालं न्हाई, कुणी थांब बी म्हणालं न्हाई. मीच म्हणायचो, आपलं काय काम. आणि त्या बुधवारी बघतो तर पेटीत झेंडू.”

“मामा...”

“शब्द जिभेवर होता, माले. तुझं बाकडं मी जाऊ देणार नव्हतो, ब्रश कुठनं बी आणला असता. पर ‘तेल’ म्हटलं असतं, की तू हे कुंकू बी चूक म्हणून पुसून टाकलं असतंस. आणि पुढं कुणासाठी असं करताना हात आवरला असतास. म्हणून गप्प बसलो. तुला ब्रश द्यायचा होता, रीत होती, पर देववला न्हाई गं. माझ्या हत्याराला आयुष्यात एकदाच कुणी हात जोडले होते.”